आई-बाबा, ती मालिका मी लिहायला घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं ठरवते, पण बाबा पाऊसपाण्याचं काढतात आणि माझी जीभ रेटत नाही. म्हणून लिहिते आहे. ती मालिका मी घेतली. करारावर सहीसुद्धा झाली. गोष्ट एका खऱ्या ठगाची आहे, पण आपल्या ठेवी बुडवणाऱ्या त्या माणसाची नाही. बाबा, तुमचं नाव, आपलं घर, मोठ्या मामांचं ते प्रकरण, यातलं काहीही त्यात येणार नाही.

असल्या माणसाला कशाला मोठं करायचं, असं तुम्ही म्हणाल. २०२० साली शेअर घोटाळा करणाऱ्या हर्षद मेहतावरची 'स्कॅम १९९२' ही मालिका आली. ती बेतलेली होती सुचेता दलाल आणि देबाशिष बसूंच्या पुस्तकावर, म्हणजे घोटाळ्याच्या मुळाशी गेलेल्या पत्रकारांच्या. पण पोरांना वेड लागलं ते हर्षदचं, मोबाइलवर धूनही त्याच मालिकेची. मला हेच टाळायचंय. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं, आणि त्याला तुमच्यासारखी माणसं कुठून माहीत असणार?

आई, तेलगीचं बनावट स्टॅम्प पेपरचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा बाबा रजिस्ट्री ऑफिसात होते. एकेक स्टॅम्प पेपर उजेडाकडे धरून बघायचे. इतका काटेकोर माणूस हावेपायी फसत नाही. जो आपल्या पंगतीला बसून येसराची आमटी जेवला, तुला ताई म्हणाला, तो खोटं बोलत असेल हे मनातच येत नाही. मालिकेत मला ठगाच्या समोर बसलेला हा माणूस दाखवायचाय. त्याच्या तोंडी एकही बावळट वाक्य मी घालणार नाही. बाबा, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा मला अभिमानच आहे, तो तुमच्यासमोर बोलून दाखवता येत नाही एवढंच.

पैशाचंही सांगते. अमेरिकेत श्रीमंत वारस असल्याचं सोंग करून बँकांना फसवणाऱ्या ॲना सोरोकिनला तिच्या गोष्टीसाठी नेटफ्लिक्सने ३ लाख २० हजार डॉलर दिले होते. गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याच्या गोष्टीवर कमाई करू नये असा न्यूयॉर्कमध्ये कायदा आहे, म्हणून त्यातले जवळजवळ २ लाख बँकांच्या भरपाईत गेले. मालिका २०२२ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिच्या जुन्या मैत्रिणीने, आपल्याला खोटं रंगवलं म्हणून, बदनामीचा दावा लावला. त्यामुळे मी आधी दोनच गोष्टी विचारल्या: ठगाला पैसे जाणार का, आणि फसलेल्या लोकांशी कुणी बोललंय का. त्याला दमडी जाणार नाही, आणि लोकांकडे मी स्वतः जाणार आहे.

शाळेच्या गॅदरिंगला माझी नाटुकली असायची तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसून माझ्याआधी माझी वाक्यं पुटपुटायचे. अजूनही एखादा प्रसंग जमला की आधी तुम्हालाच वाचून दाखवावासा वाटतो.

आता नीट ऐका. पहिल्या हप्त्यातून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं, लातूरची तारीख घेऊन ठेवा. "दिसतंय की मला" हे चालणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या आणि इन्व्हर्टरला नवी बॅटरी, लाइट गेली की रात्रभर तळमळत बसता. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. फोनवर बँकेचं नाव सांगून कुणी ओटीपी मागितला तर सरळ ठेवून द्यायचा, माणूस कितीही गोड बोलो.

आणि ट्रंकेतल्या त्या ठेवींच्या पावत्या जाळायची भाषा पुन्हा काढू नका. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला. ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून त्यातून पैसे परत देता येतात. वेळ लागतो, पण कागद लागतातच. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. पोळ्याला मी अंबाजोगाईला येतेय, तेव्हा बीडला आर्थिक गुन्हे शाखेत जाऊ. बोलायचं मी, तुम्ही फक्त सोबत बसायचं.

तुमची,
बेबी