नव्या केंद्राआधी तळ्यांची नोंद हवी

अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्राच्या जागी नवे केंद्र उभारण्याच्या निर्णयाची आपल्या अंकातील बातमी वाचली. १९८९पासूनचे केंद्र जुने झाले आहे, त्यामुळे निर्णय योग्यच. मात्र चर्चा सगळी इमारतीची आहे, तळ्यांची नाही. ‘मैत्री’ जिथे आहे त्या शिर्माकर ओअ‍ॅसिस या बर्फमुक्त, खडकाळ भागात गोड्या पाण्याची शंभराहून अधिक तळी आहेत. ‘मैत्री’ला पाणी मिळते तेही त्यांतल्याच प्रियदर्शिनी तलावातून. या तळ्यांत मासे नाहीत. तिथली जीवसृष्टी मुख्यतः तळाशी साचलेल्या नील-हरित जीवाणूंच्या थरांवर उभी आहे. उष्णता वाढून बर्फ लवकर हटला की पाण्यात पोचणारा प्रकाश आणि पोषक द्रव्ये बदलतात, आणि त्याबरोबर हे थरही. माणसांच्या सांडपाण्यानेही पोषक द्रव्ये वाढतात. म्हणजे बांधकामाआधीची सविस्तर नोंद हाताशी नसेल, तर पुढे दिसणारा बदल तापमानवाढीमुळे झाला की आपल्या वस्तीमुळे, हे सांगता येणार नाही. २०२२च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने तिथल्या पर्यावरणाच्या रक्षणाची जबाबदारी आपण स्वीकारली आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने या तळ्यांतील सूक्ष्मजीवांचे ताजे सर्वेक्षण आधी करावे आणि त्याचे निष्कर्ष दरवर्षी जनतेसमोर ठेवावेत.

– एक वाचक, मडगाव (गोवा)