गंगाखेडची ती रात्र

परभणी,
२८ मे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तू विचारलेस, "गंगाखेडच्या घाटावरची ती रात्र आठवते ना रे?" आणि मी चटकन "आठवते की" असे म्हणालो. ते खोटे होते. मी घरातून न सांगता निघून गेलो, तू लातूरहून रात्रीच निघून आलास, पहाटेपर्यंत गोदावरीच्या पायरीवर माझ्याजवळ बसलास आणि उजाडल्यावर मला घरी आणलेस, हे सगळे मला हिच्याकडून कळले आहे. माझ्या स्वतःच्या मनात त्या रात्रीचे काहीही नाही. फोन ठेवल्यापासून हे मला लागून राहिले आहे. तुझ्याशी खोटे बोलायचे नाही म्हणून लिहायला बसलो.

माझा बायपोलरचा आजार तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. उन्मादात मी कसा असतो आणि नैराश्यात कसा, हे तू पाहिले आहेस. पण या दोन्हींच्या मधल्या, बऱ्या काळातही माझी स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे मी तुझ्यापासून लपवले. माझ्या बी-खतांच्या दुकानातून कोणत्या गावच्या कोणाकडे सोयाबीनच्या बियाण्याच्या किती बॅगा गेल्या आणि डीएपी खताची किती पोती बाकी आहेत, हे मी एके काळी वही न उघडता सांगत असे, आणि त्याचा मला अभिमान होता. गेल्या दिवाळीच्या सुमारास पालमकडचे एक वयस्कर शेतकरी दुकानात आले, सोयाबीन विकून आलेले ८,००० रुपये त्यांनी माझ्या हातात दिले, मी मोजले, गल्ल्यात टाकले, तेवढ्यात फोन आला आणि त्यांच्या नावावर जमा करायचे राहून गेले. पंधरा दिवसांनी चार माणसांत मी त्यांच्याकडे तीच बाकी मागितली. ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्हीच मोजून घेतले की. पाचशेच्या सोळा नोटा होत्या." एरवी कोणी अशी खूण सांगितली की विसरलेली गोष्ट आठवते, येथे खूण ऐकूनही मला काही आठवले नाही. त्या दिवसाच्या रोकडवहीत संध्याकाळच्या मेळात ८,००० रुपये बिननावाचे जास्त निघाले होते, तेव्हा कुठे खात्री पटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा पाजला, पण खजील मीच होतो, आणि तो खजीलपणा अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी विचारपूस सुरू केली. पहिल्या डॉक्टरांनी "वय झाले, विसरायला होणारच" एवढेच म्हणून मला वाटेला लावले. माझे वय तेव्हा ४६ होते. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र मला मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली आणि प्रत्येक वेळी आठवतील तितके शब्द सांगायला लावले. पाचव्या खेपेला मी अकरा सांगितले, अर्ध्या तासाने पाचच. पण तेच शब्द इतर शब्दांत मिसळून विचारले, तेव्हा एक सोडून सगळे ओळखले. म्हणजे, त्या म्हणाल्या, काही गोष्टी मनात जातात पण वेळेवर हाताशी येत नाहीत, त्यांना खूण लागते; आणि काही गोष्टी, लक्षच नसेल तर, मुळात आत नोंदल्याच जात नाहीत. त्या नोटा या दुसऱ्या प्रकारातल्या, आणि गंगाखेडही. उन्मादात विचार इतके धावत असतात की कोणतीच गोष्ट मनात ठरत नाही, आणि नैराश्यात मन इतके जड झालेले असते की समोरच्या माणसाचे बोलणे कानावरून जाते.

१८९९ मध्ये एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने हा आजार, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या मनोविकारापासून, वेगळा काढला, तेव्हा या आजारात मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो, हा त्याचा एक मोठा आधार होता. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. पण अलीकडच्या चाचण्यांतून दिसले आहे की बऱ्या काळातही अनेक रुग्णांची शब्दांची आठवण, लक्ष आणि कामाची आखणी थोडी कमजोर राहते, सगळ्यांची सारखी नव्हे, आणि ज्यांना आजाराचे झटके जास्त वेळा आले त्यांच्यात ती बहुधा अधिक दिसते. मला हे ऐकून, तुला नवल वाटेल, हायसे वाटले. मी आळशी झालो आहे, किंवा मला माणसांची कदर उरलेली नाही, असे मी मनाशी धरून बसलो होतो.

आमच्या भावकीत सगळे म्हणतात की गोळ्यांनीच डोके बाद केले. गोळ्यांचा वाटा नाही असे नाही. हात थरथरतो म्हणून मला जी जास्तीची गोळी चालू होती, ती तोंडही कोरडे पाडते आणि स्मरणही मंदावते. डॉक्टरांनी ती हळूहळू बंद केली. या आजारावर मी घेतो त्या लिथियमने गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते आणि त्यानेही विसराळूपणा येतो, म्हणून तीही तपासणी झाली. पण लिथियम मी सोडणार नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टराने ते उन्मादावर वापरून पाहिले, आणि आजही त्याच्या तोडीचे औषध फारसे नाही. २०१८ मध्ये "डोके हलके होईल" म्हणून मी ते मनानेच बंद केले होते, आणि तीन महिन्यांत काय झाले ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गंगाखेड त्यातच घडले.

खरी काळजी वेगळीच आहे. लिथियमची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि रात्रीची गोळी घेतली की नाही हेच ज्याला आठवत नाही, तो दुसऱ्यांदा घेऊ शकतो. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झाले की तीच मात्रा रक्तात वाढते. म्हणून हिने सात खणांची प्लास्टिकची डबी आणली आहे. रविवारी ती भरते, आणि रात्री झोपण्याआधी मी त्या दिवसाचा खण बोटाने चाचपून पाहतो. रिकामा असेल तर घेतली, भरलेला असेल तर राहिली. दुकानातही आता नियम केला आहे की शेतकरी समोर उभा असतानाच नोंद करायची, फोन वाजला तर वाजू द्यायचा.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. त्या रात्रीचे तुला जे आठवते ते मला लिहून पाठव. मी काय बोललो, किती वेळ बोललो, नदीला पाणी होते का, तू मला कसे समजावलेस, सगळे लिही. मी तुला काही वावगे बोललो असेन तर तेही गाळू नकोस. हिने मला फार काही सांगितलेले नाही, आणि तिच्या गप्प राहण्यावरून मला वाटते की काहीतरी बोललो असेन. फोनवर सांगू नकोस, ते माझ्याजवळ राहणार नाही. कागदावर लिही.

मृग तोंडावर आला आहे, दुकानात गर्दी सुरू झाली आहे, त्यामुळे जूनभर मला येथून हलता येणार नाही. पेरण्या आटोपल्या की मी लातूरला येतो. तारीख मी वहीत लिहून ठेवीनच, पण आदल्या दिवशी तूही एक फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
परभणीकर