कॉलेजचा आठवडा आणि मुकादमाचा हिशोब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-रायबाग पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळं लीगल एडच्या, म्हणजे सरकारी फुकट वकील मिळतो त्या ऑफिसच्या दारात कोण येतं कोण जातं ते बसल्या जागी दिसतं. नोव्हेंबरात तिथं लॉ कॉलेजची पोरंपोरी आठवडाभर मदतीला आली होती. बाहेरनं पोटासाठी आलेल्या लोकांना, म्हणजे आमच्याकडं बीड, धाराशिव, विजयपूरकडचे ऊसतोडवाले आणि थोडे वीटभट्टीवाले, त्यांना कायद्याची मदत करायची असा कार्यक्रम होता. पेपरात फोटोसकट बातमी आली. पाहुणे कोण, हार कुणी घातले ते सगळं होतं, पोरांनी काय केलं तेवढं राहिलं, म्हणून लिहितोय. शिवाय एक मागणं पण आहे.

सुरवातीचे दिवस वायाच गेले म्हणायचे. ऊसदराच्या आंदोलनानंतर कारखाने नुकतेच सुरू झाले होते, लोक पहाटे चारला फडात, मोळ्या बांधून गाडी भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र, तो माणूस दुपारी बाराला कोर्टात कशाला येतोय? पोरं पांढरे शर्ट घालून बाकावर मोबाईल बघत बसायची. मग त्यांच्यातल्याच एका खानापूरच्या पोरीनं लीगल एडच्या वकील मॅडमना सांगितलं की आपणच कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जाऊया, रात्री जेवणं झाल्यावर, आणि तिथनं पुढं खरं काम सुरू झालं. प्रिंटर लागेल म्हणून एका रात्री मला पण गाडीत घातलं.

तिथं एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या हंगामाच्या काट्याच्या पावत्या आणि एक शाळेची वही घेऊन आली. वहीत टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या अक्षरात उचल (आगाऊ घेतलेले पैसे), खर्ची, किराणा, दवाखाना, आणि शेवटी 'फिरले' म्हणून मोठा आकडा, खाली नवऱ्याचा अंगठा. म्हणजे हंगामभर राबून उचल फिटली नाही, उरलेले पैसे अंगावर फिरले, ते फेडायला यंदा परत इथंच. पोरीनं मांडी घालून मोबाईलच्या टॉर्चवर पावत्या तारखेप्रमाणं लावल्या, टनाची बेरीज केली, तर वहीतल्यापेक्षा जास्त भरली. बाई म्हणाली, "ते मलाबी माहितंय, पण सांगावं कुणाला?"

घोटाळा पुढंच आहे. पावतीवर नाव शेतकऱ्याचं आणि वाहनवाल्याचं, टोळी मुकादमाची, बाईचं नाव कुठंच नाही. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, पैसे नवऱ्याच्या हातात, हिशोब मुकादमाकडं, आणि कारखान्याचं म्हणणं काय तर आमचा करार तोडणी-वाहतूकवाल्याशी, ही माणसं आमची नव्हेतच. म्हणून मॅडमनी पोरांना आधी एवढंच लिहायला लावलं की कुठल्या गावच्या फडात, कधीपासून कधीपर्यंत, बरोबर कोण होतं, इथं आणलं कुणी. ही बाई कामगार आहे हेच आधी कागदावर यायला पाहिजे ना. पोरीनं तिच्या तोंडून ऐकून लिहिलं, वाचून दाखवलं, बाईनं दोन ठिकाणी थांबवलं, ते परत लिहिलं. आमच्या लाईनीत ठराविक मसुद्यात नाव बदललं की अर्ज तयार, हा तसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन सगळे एका सरकारी ऑफिसात गेले, अर्ज मराठीत. टपाल घेणारे म्हणाले कन्नडात आणा. आता हा अनुभव आपल्या सीमाभागातल्या माणसाला नवीन नाही, आपण मुकाट्यानं परत येतो नाहीतर मोर्चा काढतो. हुबळीकडचा एक पोरगा होता, त्याला मराठी चार शब्द येत नाही, त्यानं शांतपणे कन्नडातच सांगितलं की सर, घटनेचं कलम 350 आहे, तक्रार अर्ज देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, तुम्ही फक्त पोच द्या, आणि सोय म्हणून कन्नडात सारांश मी खाली लिहून देतो. लिहून दिला पण. शिक्का पडला. एवढी वर्षं भाषेवरनं आपण भांडतोय, खरं हे कलम किती जणांनी खिडकीवर उभं राहून सांगितलंय बघा. भांडण चालूच राहील, ते वेगळं.

बाकीची कामं छोटी छोटी होती, खरं त्यातच जास्त वेळ गेला. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी करायला बसलं की आधारला जोडलेला नंबर गावाकडं भावाच्या मोबाईलवर, मग त्याला फोन, तो शेतात, रेंज नाही, तोवर ओटीपी संपला, परत पहिल्यापासनं. रेशनचं पण तसंच, महाराष्ट्राच्या कार्डावर इथं अंगठा लावून केंद्राच्या वाट्याचं धान्य मिळतं, कर्नाटक सरकारचं वरचं मिळत नाही, हे समजावून सांगितल्यावर दुकानदाराशी होणारी निम्मी वादावादी थांबली. आणि लीगल एडमध्ये बाईमाणसाला, एससी-एसटीला, कामगाराला, वेठबिगारीत सापडलेल्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वकील फुकट, 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्येच आहे, फोन करायचा तर 15100. हे कोप्यांवर सांगताना ऐकून मलाच वाटलं की आपल्या गावातल्या लोकांना तरी कुठं माहीत आहे.

आता मागणं. हा आठवडा नोव्हेंबरात का, तर 9 नोव्हेंबरला लीगल सर्व्हिसेस डे असतो, 1995 मध्ये त्या दिवशी तो 1987 चा लीगल एडचा कायदा लागू झाला. कॉलेजला रिपोर्ट पाठवायला बरं पडतं. खरं नोव्हेंबरात ऊसतोडवाल्याची तक्रार तयारच झालेली नसते. उचल घेऊन आलेला असतो, मुकादम गोड बोलत असतो. तंटा लागतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला आला की, तेव्हा वही उघडते, फिटलं नाही म्हणतात, बैलं अडकवून ठेवतात, कधी माणूस पण. जबरदस्तीनं असं कर्जापायी राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, 1976 च्या कायद्यानं असलं कर्ज फेडायची जबाबदारीच उरत नाही, डीसी-एसी (जिल्हाधिकारी-प्रांत) साहेबांकडं तक्रार करता येते. हे सांगणारं माणूस त्या आठवड्यात कोपीवर पाहिजे, कारण त्यानंतर ट्रकमध्ये संसार भरून टोळी गेली की कुठं शोधणार.

दुसरं म्हणजे पोरं गेली की फाईल पण जाते. पोरं परत गेली आणि लगेच 21 नोव्हेंबर 2025 ला नवीन लेबर कोड लागू झाले, परराज्यातल्या कामगारांचा 1979 चा कायदा त्यात गेला, आधी पाच माणसं असली तरी तो लागू व्हायचा, आता दहा लागतात, आणि कोप्यांवर वाटलेल्या झेरॉक्सा (माझ्याच दुकानातल्या) अजून जुन्याच कायद्याच्या. त्या बाईच्या अर्जाचं पुढं काय म्हणून विचारलं तर पोरं परीक्षेत, मॅडमची दुसरीकडं केस, बाईची टोळी कागवाडच्या बाजूला फडात. पोच पावती तेवढी माझ्या ड्रॉवरमध्ये, हरवेल म्हणून बाईच ठेवायला देऊन गेली. लीगल एडकडं पीएलव्ही असतात, गावातलीच ट्रेनिंग घेतलेली माणसं, पोरांनी जाताना सगळी यादी नाव-फोन-टोळीसकट त्यांच्या हातात द्यायला काय हरकत आहे? आणि पाठवताना एक मराठीवाला एक कन्नडवाला अशी जोडी पाठवा, ते जमलं होतं हे आम्ही बघितलंय.

मार्चात परीक्षा असतात म्हणाल तर आठवडा नको, तीन रात्री द्या, दिवसा नाही आलात तरी चालेल. कॉलेजवाल्यांपर्यंत हे तुमच्या पेपरातनं पोचलं तर बरं होईल. जेवायची सोय तरुण मंडळवाले करतो म्हणालेत, झेरॉक्सचे पैसे मी घेणार नाही, फक्त ए-फोरचे रिम तुमचे तुम्ही आणा.

आपला,
कोर्टासमोरचा एक झेरॉक्सवाला