सोलरचा पाइप आणि वायर एका झिरीत नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की आमच्या दारव्हा तालुक्यात घरांची कामे निघतात. आता खेड्यातल्या स्लॅबवरही सोलरची टाकी दिसते. चांगलेच आहे, पहाटे चुलीपुढे धूर खाणे बायांच्या मागचे सुटले. पण टाकीपासून बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा पाइप उतरवताना मिस्त्री भिंतीत एकच झिरी, म्हणजे खाच, मारतात आणि टाकीतल्या हीटरची वायर त्याच झिरीत, पाइपाला चिकटून टाकायला लावतात. कटरची मजुरी वाचते. छपाई (प्लास्टर) झाली की कोणाला काही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या एका वसतिगृहात नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणून मला बोलावले. टाइल काढली. वायरची नळी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या अंगाने चपटी बसली होती. आतली लाल वायर तपकिरी पडलेली. बोटाने वाकवली तर कवच पापडासारखे तडकले आणि तांबे उघडे पडले. अर्थिंग कुठेच जोडलेली नव्हती. त्याच नळाखाली पोरे ओल्या अंगाने उभी राहत होती!

साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश आणि तिने किती अँपिअर करंट पेलायचा ते भोवताली ४० अंश धरून ठरवलेले असते. भोवताली ६० झाले की तीच वायर निम्म्याहून थोडाच जास्त भार पेलते. सोलरचे पाणी तर ६० ते ८० अंश असते. खरा घात होतो तो डिसेंबरच्या ढगाळ सकाळी. सोलर कमी पडते म्हणून टाकीतला दोन किलोवॅटचा हीटर सुरू, साऱ्यांच्या आंघोळी लागोपाठ. वायरमधून नऊएक अँपिअर आणि बाजूला तापलेला पाइप, दोन्ही एकाच वेळी. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) पडत नाही, कारण वायरला बाहेरून लागणारी झळ त्याला कळत नाही.

दुकानदार ‘एफआर’ वायर देतो आणि गिऱ्हाइकाला वाटते ती उष्णता सोसेल. एफआर आग पसरू देत नाही, एवढेच. मर्यादा ७० चीच. ८५ अंशांची हवी असेल तर ‘एचआर’ मागा. तरीही झिरी वेगळी, निदान वीतभर दूर हवी. पाइपासोबत आडवी न्यावीच लागली तर वायर वरून न्या. खालून नेली तर सांधा गळताच पाणी नळीत उतरते. ओलांडायची ती काटकोनात, आणि तिथे पाइपाला फोम गुंडाळून. बाथरूमच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारे स्विच) आणि पक्की अर्थिंग हवीच.

वसतिगृहे, आश्रमशाळांच्या कामावरील अभियंत्यांना कळकळीची विनंती: छपाईआधी उघड्या झिऱ्या स्वतः पाहा, फोटो फाइलला लावा, मगच बिल काढा. जिथे सोलर आधीच बसले आहे, तिथे थंडी लागण्यापूर्वी हीटरच्या लाइनवर मेगर (वायरचे कवच शाबूत आहे का ते मोजणारे यंत्र) मारून घ्या. ५०० व्होल्टला एक मेगाओहमच्या खाली आले तर ती वायर त्याच दिवशी बंद करून बदला.

आपला,
एक परवानाधारक वायरमन
ता. दारव्हा, जि. यवतमाळ