वैशू, पोरांना घेऊन ये

सहकारनगर, पुणे
२२ एप्रिल

प्रिय वैशू,

काल रात्री फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस. "दोघांच्या उन्हाळी शिबिराचे मिळून नऊ हजार होतात गं, आणि घरी ठेवलं तर दिवसभर मोबाईल," एवढं म्हणालीस आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवलास. तुझा कुकर झाला नव्हता, मला कळलं ते. सकाळपासून मन लागेना, म्हणून शिलाई मशीन बाजूला सारून लिहायला बसलेय.

गेल्या वर्षी मीही थोरल्याला एका शिबिरात घातलं होतं. भिशी लागली होती, तीच भरली. चौथ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, तिथं नुसतं हॉलमध्ये बसवून कार्टून लावतात." पैसे काही परत मिळाले नाहीत. पण माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. आईने भिशीचे पैसे भरलेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून पोरगं चार दिवस गप्प राहिलं होतं. तेव्हाच ठरवलं, आता सुट्टी घरीच.

आणि खरं सांगते, ती सुट्टी आम्हाला छान गेली. मुलांना काय हवं असतं ते मला कुरडयांनी शिकवलं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. थोरला रोज न सांगता पाणी बदलायचा आणि वास घेऊन सांगायचा, "आज जास्त आंबलंय." चौथ्या दिवशी सकाळी चीक शिजला की पहिली वाटी मुलांची. गरम चीक, वर तुपाची धार. मग गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पडल्या की दोघं काठी घेऊन राखणीला. धाकट्या चिमीने कावळ्यांना नावं दिली होती. एक लंगडा होता, त्याला ती गुपचूप एक कुरडई द्यायची. खेळणं आणून दिलं असतं तर तासाभरात कोपऱ्यात पडलं असतं. राखण मात्र दोन दिवस चालली, कारण ते खरं काम होतं आणि त्यांच्यावर सोपवलेलं होतं. तू सकाळी दुकानात असतेस तेव्हा सासूबाईंच्या हाताखाली असलं काहीतरी दे. पापड, सांडगे, चिंच फोडणं, काहीही.

चिंच फोडली की चिंचोके फेकू नकोस. खरबरीत फरशीवर थोडं पाणी टाकून चिंचोका एका बाजूने घासायचा. तपकिरी साल जाऊन आतलं पांढरं दिसेपर्यंत घासायचं. असे चार झाले की अष्टा-चंगा तयार. चारही पांढरे पडले की चंगा, चार घरं. चारही काळे पडले की अष्टा, आठ घरं. पाच बाय पाचची चौकट खडूने फरशीवर आखायची. सासूबाईंना खेळायला बसव, त्या लहानपणी खेळल्या असणारच. आमच्या आत्या पंचाहत्तरीच्या आहेत, त्या थोरल्याची सोंगटी मारतात तेव्हा अख्खा जिना ऐकतो.

सकाळ मात्र वाया घालवू नकोस. साडेपाचला उठवायचं. पहिले चार दिवस कुरकुर होते, मग आपणहून उठतात. आम्ही तळजाईच्या टेकडीवर जातो. मोर ओरडताना ऐकू येतात, कधी दिसतातही. पर्वतीलाही जातो. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी वरचं देऊळ बांधलं. पायऱ्या १०३ म्हणतात, पण चिमीचा आकडा दर वेळी वेगळा येतो आणि ती पुन्हा खाली उतरून मोजायला लागते. वरून सगळं पुणं दिसतं. आपलं घर शोधायचं, शाळा शोधायची, त्यातच अर्धा तास जातो. ऊन चढायच्या आत घरी.

कधी दुपारी बाहेर जायचंच झालं तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. भर रहदारीला लागून, तरी आत पाऊल टाकलं की गार. आठव्या शतकात एका खडकातून कोरून काढलंय, पुढे नंदीचा गोल मंडप आहे. तिकीट नाही. कात्रजचं प्राणिसंग्रहालय तुम्हाला धायरीहून बसने जमेल, फक्त बुधवारी बंद असतं.

आता एक तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेव. १३ मे. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांना हे वर्षातून दोनदा दिसतं. आपल्या माहेरी नगरला दोन-तीन दिवस उशिरा, कारण नगर पुण्याच्या उत्तरेला आहे. दुसरी वेळ जुलैअखेर येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेमधलीच धरायची.

गेल्या वर्षी आम्ही १ मेपासून सुरुवात केली. प्लंबरने टाकून दिलेला दोन फुटी पाइप गच्चीवर सरळ उभा केला. तो सरळ आहे ना ते बघायला, ओळंबा म्हणून दोऱ्याला नट बांधला. रोज साडेबाराला सावलीच्या टोकाशी खडूची रेघ. पहिल्या दिवशी सावली दोन बोटं होती, मग रोज जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी आखडत गेली. थोरल्याने वहीत तारखा मांडल्या होत्या. तेराव्या दिवशी जिन्यातली सगळी पोरं वर. पाइपची सावली गेली. चिमीने खाली बघितलं, मग एक पाय उचलला, आणि तिला सावली चपलेखाली सापडली! नंतर ती बराच वेळ पाय उचलून ठेवून बघत होती. एवढ्याला खर्च शून्य. फक्त डोक्याला टोपी आणि पायात चपला हव्यात, गच्ची तव्यासारखी तापते, आणि सूर्याकडे कुणी थेट बघायचं नाही हे आधी बजाव.

विज्ञानाची गोडी असेल तर अरविंद गुप्तांची खेळणी दाखव. आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे, मराठीतही. सोप्यात सोपं म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. एक टोक दाताने चपटं करायचं, दोन्हीकडून तिरकं कापून त्रिकोण करायचा आणि ओठांत धरून फुंकायचं. मग वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीने कापत जायचं. नळी आखूड होते तसा सूर चढतो. पंधरा मिनिटं घरात कान धरून बसावं लागेल, तेवढं सोस.

मोबाईल अगदी बंद करू नकोस, मग त्याचीच ओढ लागते. दुपारी अर्धा तास दे आणि तूही तेवढा वेळ तुझा बाजूला ठेव. 'कंटाळा आला' म्हणाले तर लगेच धावू नकोस. माझ्या थोरल्याने कंटाळून कंटाळून माझ्या शिलाईच्या कात्रणांचा साप शिवला, सुई धरायला तो तिथंच शिकला.

रविवारी मी गहू भिजत घालतेय. गुरुवारी सकाळी चीक शिजेल. गुरुवारी तुझं दुकान बंद असतं ना? सातपर्यंत पोचा, म्हणजे पोरांना गरम मिळेल. एक जुनी सुती साडी घेऊन ये, माझी एक पुरत नाही. स्वारगेटला उतरलीस की फोन कर, थोरल्याला बस स्टॉपवर पाठवते.

तुझी,
शोभा