तेंदूचे परवाना पुस्तक कंत्राटदाराच्या हाती नको

संपादक महोदय,

कंत्राटदाराने ग्रामसभेला द्यायची तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) रॉयल्टी थकली की ‘ग्रामसभांना धंदा झेपत नाही, लिलाव पुन्हा वनखात्याकडेच द्या’ असा सूर लगेच निघतो. थकबाकीचे मूळ मात्र करारात असते.

वनहक्क कायद्याने (२००६) तेंदू, बांबू अशा गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही तिच्या समितीकडे आला. तो फुकट मिळालेला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, तेही तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. आणि असे हे पुस्तक काही गावे कोऱ्या सह्या करून कंत्राटदाराच्या दिवाणजीकडे देऊन टाकतात.

हिशेब बघा. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी शेकडा पुड्यांवर, रॉयल्टी गोणीवर. मजुरीसाठी माणसे फळीवर (पुडे मोजून घेण्याच्या जागी) उभी असतात, म्हणून ती निघते. रॉयल्टी मागायची वेळ येते तेव्हा माल गोदामात पोचलेला असतो. मग बाजारभाव पडल्याचे कारण पुढे येते. यावर उपाय एकच: जेवढ्या गोण्यांची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा, तेवढ्याच गोण्यांचा परवाना. त्यावर गोण्यांची संख्या, गाडीचा क्रमांक, तारीख आणि मुदत घालावी.

पुडे उन्हात वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर पान काळे पडते आणि नुकसान गावाच्या माथी मारले जाते. फळीवर मोजून घेतला की माल कंत्राटदाराचा, हे करारात स्पष्ट हवे. ‘तूट’ म्हणून शेकड्यामागे जास्तीचे पुडे घेणेही तिथेच बंद करावे.

लिलाव जानेवारीतच उरकावा, शक्य तर शेजारच्या ग्रामसभांनी मिळून. एप्रिलमध्ये बोलणी सुरू केली तर मेमध्ये पान निबर होण्याच्या धास्तीने मिळेल तो दर घ्यावा लागतो. खरी अडचण त्याही आधीची आहे. फेब्रुवारी-मार्चमधल्या झुडपांच्या छाटणीची मजुरी कंत्राटदाराच्या उचलीतून द्यावी लागते, आणि उचल घेतलेले गाव दरावर अडून बसू शकत नाही. आदिवासी विकास विभागाने एवढ्या छाटणीपुरते खेळते भांडवल ग्रामसभांना द्यावे. रॉयल्टीच्या पहिल्या हप्त्यातून ते वळते करून घेता येईल.

– एक वाचक, गडचिरोली