गाठ सैल आहे काय बघ

म्हार्दोळ, फोंडा

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तावातावानं म्हणालास, "फुटलेल्या देशाचं भांडण आतल्या आत मिटत नाही. बाहेरच्या कुणी दांडग्यानं कान पिळावे लागतात." वर सायप्रसचं उदाहरण दिलंस. तेव्हा गॅसवर हुमण होतं आणि ही आतून हाका मारत होती, म्हणून मी गप्प बसलो. आता निवांत लिहितो. तू नेमकं तेच उदाहरण द्यायला नको होतंस, कारण ते मी बघून आलोय.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमची बोट सायप्रसच्या लिमासोल बंदराला लागली होती. मी आणि पँट्रीतला एक कुडाळचा पोरगा, दोघं बसनं राजधानी निकोसियाला गेलो. तिथला लेड्रा स्ट्रीट म्हणजे आपला पणजीचा अठरा जून रस्ता समज. कपडे, चपला, आइस्क्रीम, सगळी गजबज. आणि बाजार ऐन रंगात असताना रस्ता संपतो. एक केबिन, पोलिस, पासपोर्ट दाखवा. मध्ये थोडी ओस जागा, आणि पलीकडे तोच रस्ता पुढे चालू, फक्त पाट्या तुर्की. बाजूच्या गल्लीत पिंपावर पिंप रचून भिंत केली होती. माझ्याकडे खलाशाला बंदरावर उतरायला देतात तो नुसता शोअर पास, पलीकडे जायचा धीर झाला नाही. अलीकडेच कॉफी घेतली. लांब दांड्याच्या इवल्या भांड्यात उकळलेली, तळाला बोटभर गाळ. मी सवयीनं "टर्किश" म्हणालो, तर म्हातारा मालक सावकाश म्हणाला, "सिप्रिऑट." पैसे देताना विचारलं, गाव कुठलं? त्यानं केबिनच्या दिशेनं नुसती मान उडवली आणि सुटे पैसे मोजत राहिला.

आता तुझे दांडगे बघ. १९६० साली ते बेट स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान असे तीन हमीदार सह्या करून बसले. संसदेच्या ५० जागा ३५ आणि १५ अशा वाटल्या, नोकऱ्या ७० टक्के ग्रीकांना, ३० टक्के तुर्कांना. तीन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, रक्त सांडलं. एका ब्रिटिश जनरलनं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली, ती ग्रीन लाइन. पुढे १५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करशहांनी बंड घडवून राष्ट्राध्यक्ष मकारिओसना हुसकावलं, आणि २० जुलैला तुर्की फौज उतरली, तीही त्याच हमीच्या कागदावर बोट ठेवून. तिसरा हमीदार आपले दोन लष्करी तळ सांभाळत राहिला. ते अजून त्याच्याकडेच आहेत. बेटाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तुर्की फौजेकडे गेला तो गेलाच. जामीन राहणाऱ्यानंच घरात बिऱ्हाड थाटलं म्हण ना!

त्यांना घरात घेणारे आतलेच होते, हेही खरं. एका गटाला बेट ग्रीसला जोडायचं होतं, दुसऱ्याला फाळणी हवी होती. ज्यानं त्यानं आपापला दादा बोलावला.

बाहेरचे सगळेच तसे नसतात, तेवढं तुझं कबूल. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेचे कमांडर आपले जनरल थिमय्या होते. १९६५ च्या डिसेंबरात तिथेच ते वारले. १९७४ साली जनरल दिवाण प्रेमचंद होते. त्या धुमश्चक्रीत निकोसियाचा विमानतळ त्यांच्या निळ्या टोप्यांनी धरून ठेवला, कुणालाच दिला नाही.

तू म्हणशील, मग आपलं एकसष्ट, भारतीय फौजेनं पोर्तुगीजांकडून गोवा सोडवला ते, काय होतं? अरे, तेव्हाही मध्ये पडणारे होतेच. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारतानं फौज मागे घ्यावी असा ठराव आणला, तो अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि तुर्कस्ताननं. त्यातले दोघे आपले वरचेच हमीदार! सात मतं पडली होती ठरावाला. रशियाच्या नकाराधिकारानं वाचलो. रशियाला फोंड्या-पेडण्याचा पुळका होता असं तुला वाटतं का?

पण १६ जानेवारी १९६७ आठव, गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा याचं सार्वमत. मी दुसरीत होतो. विलीनीकरणाचं फूल आणि संघप्रदेशाची दोन पानं. बाबा फुलाचे, धाकटे काका दोन पानांचे. मुंबईहून पुढारी, शाहीर येऊन गेले; त्यांना काका मुद्दाम "बाहेरचे" म्हणायचे आणि बाबांचा पारा चढायचा. दोन पानं जिंकली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. पण आलेले आपापल्या घरी गेले, कुणाची पलटण मागे राहिली नाही. हरलेले, फुलवाल्यांचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर दोन-अडीच महिन्यांत पुन्हा निवडून आले. सायप्रसच्या लोकांना एकत्र यायचं का हे विचारलं २००४ साली, फाळणीला तीस वर्षं झाल्यावर, तेही बाहेरच्यांनी लिहिलेल्या मसुद्यावर. उत्तरेचे ६५ टक्के हो म्हणाले, दक्षिणेचे ७६ टक्के नाही.

आमच्या घरात बाबा-काकांचा अबोला चवथीपर्यंत टिकला. त्या वर्षी बाबा स्टुलावर चढून गणपतीवरची माटोळी, फळापानांचं छत, बांधत होते. काका रानातून आले, दारात जरा थांबले, आणि सुपारीचा घोस मुकाट्यानं वर धरला. बाबांनी तो बांधला. मग खाली न बघता म्हणाले, "गाठ सैल आहे काय बघ."

काल देवळाकडे सुधाकर भेटला. भाटाची, म्हणजे बागायतीची, हद्द मोजायला तू आमदाराचा माणूस आणणार आहेस म्हणाला. मी काही बोललो नाही. तू चवथीला येतोयस ना? माटोळीचं सामान आणायला यंदा सुधाकर एकटाच रानात जाणार आहे, आणि त्याचा गुडघा अजून धड नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
यशवंत